ते हार

नवव्या प्रकरणातून तो बाहेर आला
तेव्हा मी मसुराची आमटी ढवळत होते.
आर्ब्रोथला डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच दिवे लावावे लागतात,
तर बटणाकडे गेलेला माझा हात
त्याच्या हातावर पडला.

बोटांच्या पेरांत शाई. ओळखलंच.
श्रीरंग सबनीस, कोल्हापूरच्या छापखान्यात खिळे जुळवणारा,
वय एकेचाळीस, डाव्या भुवईवर व्रण,
कोरडा खोकला
(तो मला पुढे एकोणिसाव्या प्रकरणात लागणार होता).

बाकी मी काही लिहिलंच नव्हतं.
पायांबद्दल एक अक्षर नाही,
म्हणून अनवाणी आला बिचारा.
जुन्या कपड्यांच्या दुकानातल्या बाईंनी बुटाचा नंबर विचारला
तर माझ्याकडे बघत राहिला,
जणू मी आत्ता पान उलटून सांगेन.
आईसुद्धा दिली नव्हती मी त्याला.
"मी कुणासारखा दिसतो?"
कुणासारखाच नाही, म्हटलं.
कान मात्र मी माझ्या गेलेल्या नवऱ्याचे घेतले होते.

बोलायचा फार सुंदर.
तीच अडचण.
चहाचा कप हातात घेऊन म्हणायचा,
"तुमच्या हातचं काहीही मला उशिरा कळतं,
आणि कळतं तेव्हा संपलेलं असतं,"
की मला आठवायचं, पान सत्त्याऐंशी,
इथे दोनदा खाडाखोड केली होती.
रात्री माझे केस सोडवताना जे म्हणाला
ते शब्दाला शब्द माझं,
मार्चमधल्या एका मंगळवारी लिहिलेलं, सर्दी झालेली असताना.
आपण टाकलेली पत्रं पोस्टमननं
आपल्याच दारात आणून द्यावीत, तशी मी ती घेत होते
आणि खोटं कशाला बोलू,
दार उघडंच ठेवत होते.

पुण्याहून प्रकाशकांचा फोन. एकोणिसावं कधी?
म्हटलं, पात्र ऐकत नाही.
ते हसले. सगळेच लेखक असं म्हणतात, म्हणाले.
तो तेव्हा भांडी घासून झाल्यावर
खिडकीच्या वाफेवर माझं नाव लिहीत होता,
उलटं, खिळे जुळवणाऱ्याच्या सवयीनं.
रस्त्यावरून वाचलं तर सुलट.
रस्त्यावर वाचणारं कोण होतं इथे.

पुढे मिसेस गिलक्रिस्टनी त्याला मासे धुरवायच्या शेडमध्ये घेतलं.
हॅडक शेपटीला शेपटी बांधून
जोडीजोडीनं काठीवर टांगायचे.
शाई गेली, नखांत खवले आले,
आणि संध्याकाळी शर्टाला एक वास,
जो मी कुठेच लिहिला नव्हता.
तो शर्ट मी दोन दिवस धुवायला टाकला नाही.

एप्रिल सरता सरता एका सकाळी
दारातूनच ओरडला,
"अगं, बाहेर हार आलंय!"

मी आतूनच दुरुस्त केलं.
हार आला. गळ्यातला असेल तर तो.
हरण्यातली असेल तर ती, आणि ती येत नाही, होते.
आलंय काय?

"ते हार. बघ तरी."

बाहेर बंदर नव्हतं.
होड्या नव्हत्या, शेडचं धुराडं नव्हतं,
समुद्रावरून चढून आलेलं पांढरं, गार काहीतरी
आमच्या पायरीशी येऊन थांबलेलं.
इथली माणसं त्याला हार म्हणतात.
अकरा वर्षं राहतेय मी इथे, आपली धुकंच म्हणत आले.
"ते धुकं, तसं ते हार," तो म्हणाला
आणि चालायला लागला त्यात.

मी वही उघडून पाहिली. खरंच पाहिली.
हे वाक्य नव्हतं.
मागच्या वहीतही नव्हतं.

तोवर तो चार पावलांवर दिसेनासा झालेला,
नुसता खोकला ऐकू येत होता, जरा पुढून,
मग जरा आणखी पुढून.
मी हाक मारली.
काय उत्तर येईल ते मला ठाऊक नव्हतं.

आणि तेव्हा, पायरीवर उभी असताना, लक्षात आलं,
अगं म्हणाला होता तो.

मी अनवाणीच उतरले.